कॅमेरा आणि लेन्स निवडताना: सुरुवात आपल्याच जुन्या छायाचित्रांपासून

माझ्या कपाटात १५० ते ६०० मिलिमीटरची एक टेलिझूम लेन्स जवळपास दोन वर्षे पडून होती. तिचे वजन दोन किलोच्या आसपास होते, त्यामुळे ती खांद्यावर घेऊन निघायचे म्हटले की त्या दिवशीचा बेतच बारगळत असे. पक्ष्यांची छायाचित्रे पाहायला मला आवडतात, आणि ज्या अर्थी पाहायला आवडतात त्या अर्थी काढायलाही आवडतील, असा माझा समज होता. पहाटे उठून एका जागी तासन्‌तास न हलता बसणे आपल्या स्वभावात आहे का, हा प्रश्न मात्र लेन्स घेण्यापूर्वी मी स्वतःला विचारलाच नाही. ती विकून टाकल्यावर मी साधने निवडण्याची पद्धत बदलली. जाहिराती, तुलनातक्ते आणि इतरांच्या शिफारशी बाजूला ठेवून आधी आपली जुनी छायाचित्रे तपासायची, त्यांत वारंवार काय बिघडते ते शोधायचे आणि त्या बिघाडावर साधन हाच उपाय असेल तरच खरेदीकडे वळायचे, असा हा क्रम आहे. तो पुढे सविस्तर मांडत आहे.

पहिली पायरी: मोजदाद

डिजिटल कॅमेरा प्रत्येक छायाचित्राच्या फाइलमध्ये फोकल लेंग्थ (मिलिमीटरमधला आकडा; तो जितका मोठा, तितका कोन अरुंद आणि दृश्य जवळ), अ‍ॅपर्चर (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे), शटर स्पीड (प्रकाश आत येण्याचा वेळ) आणि आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता) यांची नोंद आपोआप ठेवतो. या नोंदींना एक्झिफ म्हणतात, आणि लाइटरूम किंवा डिजिकॅमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या आधारे फाइली चाळता येतात. गेल्या वर्षभरातील, स्वतःला मनापासून आवडलेली दोनशे-तीनशे छायाचित्रे निवडावीत आणि ती फोकल लेंग्थनुसार लावावीत. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स वापरणाऱ्यांना बहुधा दोन्ही टोकांना ढीग साचलेला दिसेल. यावरून लगेच निष्कर्ष काढू नये, कारण रिंग टोकापर्यंत फिरवण्याची हाताला नुसती सवयही असू शकते. ५५ वर काढलेली छायाचित्रे नंतर संगणकावर कातरून लहान केली असतील, तर लांब पल्ल्याच्या लेन्सची गरज खरी आहे. ती जशीच्या तशी ठेवली असतील, तर आहे तो पल्ला पुरतो आहे. १८च्या टोकाला आपण किती वेळा मागे सरकू शकलो असतो आणि किती वेळा मागे जागाच नव्हती, हे आठवून पाहावे.

यानंतरचा दुसरा ढीग अधिक उपयोगी असतो आणि तो बहुतेक जण पाहतच नाहीत. तो म्हणजे फसलेल्या छायाचित्रांचा. (ती लगेच डिलीट करण्याची सवय असेल, तर निदान दोन महिने ती थांबवावी.) प्रत्येक फसलेले छायाचित्र पूर्ण आकारात उघडून त्यातील दोष ओळखावा, कारण वरवर सारख्याच दिसणाऱ्या धूसरपणामागे तीन वेगळी कारणे असतात. संपूर्ण चौकटीतील प्रत्येक ठिपका एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसत असेल, तर कॅमेरा हलला आहे. तेथे शटर स्पीड वाढवणे, स्टॅबिलायझेशन किंवा ट्रायपॉड उपयोगी पडतो. मागची भिंत स्पष्ट आणि समोरचा माणूस मात्र फिसकटलेला असेल, तर माणूस हलला आहे; तेथे स्टॅबिलायझेशन कितीही चांगले असले तरी काही कामाचे नाही, कारण ते फक्त कॅमेऱ्याची थरथर सावरते. डोळ्यांऐवजी कान किंवा मागचा पडदा स्पष्ट आला असेल, तर फोकस चुकला आहे, आणि हा दोष बहुतेक वेळा फोकसचा बिंदू कॅमेऱ्यालाच निवडू दिल्यामुळे येतो. चौथा प्रकार सर्वांत मोठा निघण्याची शक्यता असते: छायाचित्र तांत्रिकदृष्ट्या ठीक आहे, पण त्यात पाहण्यासारखे काही नाही. त्यावर कोणत्याही दुकानात औषध मिळत नाही.

माझ्या बाबतीत आवडलेली छायाचित्रे बहुतांशी २४ ते ५० मिलिमीटरच्या दरम्यानची निघाली आणि फसलेल्यांपैकी पुष्कळ संध्याकाळी घरात काढलेली होती. नोंदी सगळीकडे साधारण सारख्याच होत्या: अ‍ॅपर्चर एफ ५.६, शटर स्पीड १/१५ सेकंद, आणि समोर धावणारी मुले. इतक्या वेळात मूल वीतभर पुढे गेलेले असते. एफ ५.६ ऐवजी एफ १.८ वापरता आले, तर सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणाऱ्या भागावर, साडेनऊ पटींहून अधिक प्रकाश पडतो, म्हणजे सव्वातीन स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), आणि तोच १/१५ सेकंद थेट १/१२५च्या पुढे नेता येतो. ज्या साधनाची उणीव मला भासत होती, ते म्हणजे ओंजळीत मावेल अशी लहानशी प्राइम (झूम नसलेली) लेन्स होती. आणि मी घेऊन बसले होते दोन किलोची टेलिझूम.

दुसरी पायरी: घेण्यापूर्वी आठवडाभर नाटक

फोकल लेंग्थ ठरली असे वाटले, तरी लगेच खरेदी करू नये. हाताशी असलेल्या झूम लेन्सची रिंग हव्या त्या आकड्यावर ठेवावी, तिच्यावर सहज निघणारी कागदी चिकटपट्टी लावावी आणि आठवडाभर तशीच छायाचित्रे काढावीत. हा प्रयोग मी केला नाही. सगळेच शिफारस करतात म्हणून ५० मिलिमीटरची लेन्स आणली, आणि पहिल्याच संध्याकाळी मी खोलीतील भिंतीला पाठ टेकवून उभी होते; समोरच्या दोन माणसांचे चेहरे तेवढे चौकटीत मावत होते. माझ्या कॅमेऱ्यातील सेन्सर एपीएस-सी आकाराचा असल्यामुळे ५० मिलिमीटरची लेन्स तेथे फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरवरील ७५ मिलिमीटरइतका अरुंद कोन देते, हे गणित मला माहीत होते. पण माहीत असणे वेगळे आणि भिंत पाठीला लागणे वेगळे. घरातील छायाचित्रांसाठी अशा सेन्सरवर २३ ते ३५ मिलिमीटरच्या दरम्यानची लेन्स सोयीची ठरते, तर ५० मिलिमीटर व्यक्तिचित्रांसाठी उत्तम. ही ५० मिलिमीटरची लेन्स अजून माझ्याकडे आहे, फक्त ती खोलीबाहेर वापरली जाते.

तिसरी पायरी: सेन्सर, माउंट आणि शेवटी बॉडी

कॅमेऱ्याची बॉडी शेवटी निवडावी, असे माझे मत आहे. बॉडी काही वर्षांनी बदलली जाते, लेन्स टिकतात, आणि लेन्स ज्या माउंटवर बसतात ते माउंट बदलणे म्हणजे सारा संसार नव्याने मांडणे असते.

सेन्सरच्या आकाराबद्दल बोलताना प्रत्यक्ष मापे डोळ्यांसमोर ठेवावीत. फुल फ्रेम ३६ × २४ मिलिमीटरचा असतो; हे माप मूळचे ३५ मिलिमीटरच्या चित्रपट-फिल्मवरून आलेले असून १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यामुळे ते रूढ झाले. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६ मिलिमीटर (कॅननचा किंचित लहान), तर मायक्रो फोर थर्ड्‌स १७.३ × १३ मिलिमीटर असतो. क्षेत्रफळाचा हिशेब केला, तर त्याच अ‍ॅपर्चरला आणि त्याच शटर स्पीडला फुल फ्रेमला एपीएस-सीपेक्षा सव्वा स्टॉप आणि मायक्रो फोर थर्ड्‌सपेक्षा सुमारे दोन स्टॉप अधिक प्रकाश मिळतो. कमी उजेडातील रवाळपणात हा फरक दिसतो. भर उन्हात तो शोधावा लागतो. त्या बदल्यात फुल फ्रेमच्या लेन्स, विशेषतः लांब पल्ल्याच्या, आकाराने आणि वजनाने वाढतात. म्हणून ज्यांना चालत हिंडताना छायाचित्रे काढायची आहेत, त्यांनी बॉडी आणि नेहमीच्या दोन लेन्स यांचे एकत्रित वजन आधी लिहून काढावे आणि तेवढ्या वजनाच्या पाण्याच्या बाटल्या बॅगेत घालून दोन तास चालून यावे.

मेगापिक्सेलचा प्रश्न मोठ्या प्रिंटच्या मापाने लवकर सुटतो. ए-३ आकाराच्या कागदावर इंचाला ३०० ठिपके छापायचे असतील, तर साधारण ४९६१ × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे साडेसतरा मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० पिक्सेल देतो. ज्यांना यापेक्षा मोठी प्रिंट काढायची नाही आणि फारसे कातरायचे नाही, त्यांनी याहून मोठ्या आकड्यासाठी थांबून राहू नये.

माउंटच्या बाबतीत मिररलेस आणि डीएसएलआर यांतील एक भौतिक फरक समजून घेणे हिताचे असते. डीएसएलआरमध्ये आरशासाठी जागा सोडावी लागत असल्यामुळे माउंट सेन्सरपासून दूर असतो: १९५९ पासून चालत आलेल्या निकॉन एफ माउंटमध्ये हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, कॅनन ईएफमध्ये ४४. मिररलेसमध्ये ते निकॉन झेडला १६, सोनी ईला १८ आणि कॅनन आरएफला २० मिलिमीटर इतके कमी आहे. मधल्या मोकळ्या जागेत अ‍ॅडॉप्टर बसतो, म्हणून जुन्या डीएसएलआर लेन्स मिररलेसवर लावता येतात. उलट दिशेने तसे होत नाही. मात्र लेन्स बसली म्हणजे ऑटोफोकस चाललाच असे नसते. ज्या जुन्या निकॉन लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते आणि फोकस बॉडीतल्या मोटरने फिरतो, त्या निकॉनच्याच एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर हाताने फोकस कराव्या लागतात. घरात जुन्या लेन्स असतील, तर त्यांची यादी करून प्रत्येकीबद्दल ही एक गोष्ट आधी पडताळावी.

बॉडी प्रत्यक्ष हातात घेतल्यावर एकच कसोटी लावावी: डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना अ‍ॅपर्चर, शटर स्पीड, आयएसओ आणि फोकसचा बिंदू या चारही गोष्टी न पाहता बदलता येतात का? चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासह चौकटीचे चारही कोपरे दिसतात का, तेही पाहावे.

चौथी पायरी: वापरलेली वस्तू पारखणे

वापरलेल्या लेन्स घ्यायला मी बिचकत नाही, पण खिशात छोटा टॉर्च असल्याशिवाय घ्यायला जात नाही. लेन्सचे अ‍ॅपर्चर पूर्ण उघडे ठेवून मागच्या काचेतून तिरपा प्रकाश टाकावा आणि पुढच्या बाजूने आत पाहावे. धुळीचे दोन-चार कण जवळपास प्रत्येक जुन्या लेन्समध्ये सापडतात आणि छायाचित्रात ते उमटत नाहीत. बुरशी वेगळी ओळखू येते. एकदा माझ्या हातात आलेल्या लेन्समध्ये काचेच्या कडेपासून आत पांढरट तंतू निघाले होते, त्यांना आणखी बारीक फाटे फुटले होते. एखाद्या रोपट्याचे मूळ काचेवर दाबून ठेवावे तसे ते दिसत होते. विकणाऱ्याने ती धूळ असल्याचे सांगितले. मी ती पुढच्या काचेवरून पुसून पाहिली, तंतू जागचे हलले नाहीत, आणि तरीही लेन्स दुर्मीळ आहे या मोहापायी मी ती घेतली. उजेड पाठीमागे असताना तिची छायाचित्रे निर्दोष येत असत. खिडकीसमोर उभे राहिले की सारे चित्र दुधाळ होऊन जाई. बुरशीशिवाय दोन काचांमधला चिकट थर सुटल्याची इंद्रधनुषी कड, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर चकाकणारे तेल आणि माउंटच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असणे, म्हणजे लेन्स कोणीतरी उघडली असण्याची खूण, याही गोष्टी पाहाव्यात.

बॉडी पारखताना शटर किती वेळा पडले आहे, हा आकडा विचारला जातो. काही कॅमेरे तो फाइलमध्ये नोंदवतात, काही नोंदवत नाहीत. अनेक शटर एक ते दोन लाख वेळांसाठी चाचणी केलेली असतात. हा आकडा अंदाजासाठी असतो, मुदतीसारखा नसतो. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या अगदी साध्या तपासण्या. खिट्टी सोडल्यावर बॅटरी आपोआप बाहेर सरकली पाहिजे. बोटाने ओढून काढावी लागत असेल, तर ती फुगलेली असण्याची शक्यता आहे. कार्डाच्या खाचेत टॉर्च टाकून एखादी पिन वाकलेली नाही ना, ते पाहावे. मग एफ १६ ला, फोकस मुद्दाम चुकवून, पांढऱ्या भिंतीचे किंवा निरभ्र आकाशाचे छायाचित्र घ्यावे. सेन्सरवरील धूळ लहान अ‍ॅपर्चरलाच स्पष्ट दिसते, कारण ती प्रत्यक्षात सेन्सरवरच्या काचेवर बसलेली असते आणि अरुंद किरणशलाकेत तिची सावली ठळक पडते. हे ठिपके ब्लोअरने जात असतील, तर काळजीचे कारण नाही.

नवी लेन्सदेखील परत करण्याची मुदत संपण्याआधी तपासावी, कारण आतली एखादी काच तिरकी बसलेली असेल, तर छायाचित्राची एक बाजू कायम मऊ राहते. त्यासाठी विटांच्या भिंतीचे छायाचित्र काढण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण कॅमेरा भिंतीला तंतोतंत समांतर ठेवणे इतके अवघड असते की बहुधा आपलीच चूक लेन्सच्या माथी मारली जाते. माझी पद्धत अशी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून स्टॅबिलायझेशन बंद करावे आणि दोन सेकंदांचा टायमर लावावा. खूप दूरची, बारीक तपशील असलेली एक वस्तू, उदाहरणार्थ एखादा मनोरा, चौकटीच्या मध्यभागी घेऊन फोकस करावा आणि तो तेथेच कायम ठेवावा. मग कॅमेरा वळवून तीच वस्तू क्रमाने चारही कोपऱ्यांत आणावी आणि सर्वांत मोठ्या अ‍ॅपर्चरला प्रत्येक ठिकाणी एक छायाचित्र घ्यावे. चारही कोपरे सारखेच थोडे मऊ असतील, तर तो त्या लेन्सच्या रचनेचा गुण आहे असे समजावे. डावे दोन स्पष्ट आणि उजवे दोन धूसर असतील, तर लेन्स बदलून मागावी. झूम लेन्स असेल, तर दोन्ही टोकांना ही चाचणी करावी.

पाचवी पायरी: लहानसहान साधने

मेमरी कार्डावरचा सर्वांत मोठा आकडा बहुधा वाचण्याच्या वेगाचा असतो. आपल्याला लिहिण्याचा वेग हवा असतो. व्ही ३० असे लिहिलेले कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहिण्याची हमी देते, व्ही ६० आणि व्ही ९० त्याच हिशेबाने. यूएचएस-टू कार्डाच्या मागे पिनांची दुसरी ओळ असते. कॅमेऱ्याची खाच त्या प्रकारची नसेल, तर त्या ओळीचा काही उपयोग होत नाही. नवे कार्ड एकदा पूर्ण भरून, सगळ्या फाइली उघडतात का ते पाहूनच महत्त्वाच्या प्रसंगी वापरावे.

ट्रायपॉडची उंची पाहताना मधला दांडा खाली ठेवूनच मोजावी, कारण तो वर काढला की तीन पायांचा ट्रायपॉड व्यवहारात एका पायाचा होतो. माझा पहिला ट्रायपॉड इतका हलका होता की तो नेताना जाणवत नसे आणि वाऱ्यात उभाही राहत नसे. पाय पसरवताना जाड भाग आधी उघडावेत, बारीक भाग शेवटी.

फिल्टरबद्दल थोडक्यात सांगायचे, तर निरनिराळ्या मापांच्या लेन्स असतील, तेव्हा सर्वांत मोठ्या मापाचा एकच चांगला फिल्टर घ्यावा आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंग वापरावी. यूव्ही फिल्टर मी लावत नाही. समोरून लागणाऱ्या धक्क्याला लेन्स हूड अधिक चांगला अडथळा करतो. पोलरायझर मात्र बॅगेत असावाच, कारण पाण्यावरची किंवा पानांवरची चकाकी काढून त्याखालचा रंग दाखवणे संगणकावर नंतर साधत नाही. त्याच्यामुळे दीड ते दोन स्टॉप प्रकाश कमी होतो, आणि फार रुंद कोनाच्या लेन्सवर आकाशाचा एकच पट्टा गडद दिसू लागतो.

सहावी पायरी: पहिल्या महिन्यातील मांडणी

नव्या कॅमेऱ्यात सर्वप्रथम तारीख आणि वेळ लावावी. वर्षभराने मोजदाद करताना तिचे मोल कळते. त्यानंतर रॉ, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीचे, स्वरूप निवडावे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगासाठी २५६ पातळ्या असतात, तर १४ बिट रॉमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा उजळताना हा फरक कामी येतो. ऑटो आयएसओ चालू करून त्याला शटर स्पीडची किमान मर्यादा घालावी. माणसांसाठी मी १/१२५ ठेवते आणि मुलांसाठी १/२५०. आयएसओ वाढल्याने आलेला रवाळपणा नंतर सौम्य करता येतो, हललेला चेहरा स्थिर करता येत नाही.

कॅमेऱ्यावर स्वतःची मांडणी साठवण्याची सोय असेल, तर तीत आपला नेहमीचा संच जतन करावा आणि प्रत्येक वेळी कॅमेरा बॅगेत ठेवताना डायल तेथे परत आणावा. एका रात्री ट्रायपॉडसाठी बंद केलेले स्टॅबिलायझेशन मी पुन्हा चालू केले नाही आणि दुसऱ्या दिवसाची निम्मी छायाचित्रे गमावली. तेव्हापासून चेन लावण्याआधी अंगठा डायलवर जातो.

सातवी पायरी: जपणूक

बुरशीला उबदार, दमट आणि अंधारी जागा मानवते, आणि कॅमेऱ्याची बंद बॅग नेमकी तशीच असते. साधने हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि लहान आर्द्रतामापकासह ठेवावीत, आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावी. रंग बदलणारे सिलिका जेल घेतले, तर ते केव्हा तापवून कोरडे करायचे ते कळते. थंड जागेतून उबदार, दमट जागेत जाताना कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून आतले तापमान बाहेरच्याइतके होईपर्यंत थांबावे, नाहीतर काचांवर दव जमते. महिनोन्‌महिने न लागणारी बॅटरी निम्मी भरून ठेवावी.

काच पुसताना क्रम चुकवू नये: आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि शेवटी द्रवाचा थेंब टाकलेले मायक्रोफायबर कापड. द्रव थेट काचेवर टाकला, तर तो कडेने आत उतरतो. सेन्सरवर ब्लोअर मारताना कॅमेऱ्याचे तोंड खाली असावे. दाबाखालच्या हवेचा डबा तेथे कधीही वापरू नये, कारण त्यातील द्रव सेन्सरच्या काचेवर उडू शकतो.

पुढच्या खरेदीआधी

साधनांची यादी मी आता करत नाही. त्याऐवजी एक लहान वही बॅगेत असते, आणि एखादे छायाचित्र हातचे गेले की त्याच दिवशी तीत एक ओळ लिहिली जाते: काय दिसले, काय जमले नाही आणि का. एकच कारण तीन वेगवेगळ्या दिवशी लिहिले गेले, की ते साधन दोन दिवस भाड्याने किंवा उसने घेऊन त्याच प्रकारच्या प्रसंगात वापरून पाहते. भाड्याची लेन्स परत करताना चुटपुट लागली, तरच पुढचा विचार. वहीत सध्या ‘पावसात कॅमेरा बाहेर काढता आला नाही’ ही नोंद तीनदा आहे. पाण्यापासून सुरक्षित बॉडीची माहिती मी वाचून ठेवली होती. पण त्याआधी एक जाड प्लॅस्टिकची पिशवी घेतली, तिला लेन्स हूडच्या मापाचे भोक पाडले, पिशवीची कड हूडभोवती रबरबँडने आवळली, आणि दुसऱ्या बाजूने हात आत घालून पाहिला. डायल फिरतात, शटरही दाबता येते. फक्त व्ह्यूफाइंडरसमोर पिशवीची घडी येते, तिथे आणखी एक भोक पाडावे लागेल.